तलावाची मासोळी खावी की नाही?

गेल्या पावसाळ्यात नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. तलावाच्या काठाशी जलपर्णीत अडकलेल्या, पांढरी पोटं वर करून पडलेल्या पन्नासेक मासोळ्या. तलाव कोणता, फोटो कधीचा, काढला कोणी, यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. तरी दुपारपर्यंत दोन तट पडले. एक तट म्हणे, शहरातल्या तलावांवर मासेमारीच बंद करा, हे लोक आपल्याला विष विकतात. दुसरा तट म्हणे, आम्ही लहानपणापासून फुटाळ्याची, अंबाझरीची मासोळी खात आलो, आम्हाला काय झालं? मध्येच एका काकांनी मांसाहार मुळातच कसा वाईट यावर लांबलचक संदेश टाकला. मासोळीच्या तब्येतीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. रात्री कोणीतरी मुंबईच्या बंदरातल्या माशांचा विषय काढला, तर लगेच टोमणा आला, "नागपूरला बंदर कुठं आहे?" (बंदर आहे, इथून जवळच, सिंदी रेल्वेला. पण ते कोरडं बंदर, म्हणजे जमिनीवरच मालाचे कंटेनर हाताळायचं ठिकाण. तिथं गळ टाकून उपयोग नाही.)

हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट पद्धतीनं लढला जातो, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. शहराच्या पाण्यातली मासोळी खावी की नाही, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पाणी कोणतं, जात कोणती, किती खाणार आणि खाणारा कोण, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय 'हो' आणि 'नाही' दोन्ही सारखेच पोकळ. आणि हे चार प्रश्न सोडवायची सोय नागपुरात आहे. मासोळी चिरायची, तपासायची आणि निकालाची पाटी तलावाच्या काठावर लावायची, एवढंच काम. ते न करता बंदी मागणं हा तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांवर अन्याय आहे, आणि ते न करता 'बिनधास्त खा' म्हणणं हा ढिवरांच्या लेकरांवर.

आधी त्या फोटोचंच बघू, कारण दोन्ही तटांनी तो पुरावा म्हणून वापरला. तलावात सांडपाणी आलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच प्राणवायू ओढून घेतं. तळाशी कुजणारा गाळ आणखी ओढतो. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू इतका खाली येतो की मासोळ्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि मग मरतात. बहुतेक वेळा तलावातल्या मासोळ्यांच्या सामूहिक मरणामागं हे गुदमरणं असतं. याचा अर्थ तलाव आजारी आहे. पण त्या मासोळीच्या मांसात विष होतं का, हे त्यावरून कळत नाही. उलट ज्या विषाची खरी भीती बाळगायला हवी ते मासोळीला सहसा मारतच नाही. पारा घेऊन फिरणारी मरळ धडधाकट दिसते, जाळ्यात उड्या मारते, तिचे कल्ले लालभडक असतात, डोळे चकचकीत असतात. बाजारात ताजी मासोळी ओळखायच्या ज्या खुणा आई-आजीनं शिकवल्या त्या सगळ्या ती पास होते. म्हणजे मेलेल्या मासोळीचा फोटो दाखवून घाबरवणारा आणि जिवंत मासोळी दाखवून निर्धास्त करणारा, दोघंही चुकीच्या गोष्टीकडं बोट दाखवताहेत.

घाण आणि विष या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत टाकतो, गोंधळ तिथून सुरू होतो. घाण डोळ्याला दिसते, नाकाला कळते. घरगुती सांडपाण्यातले जंतू पोटात गेले तर माणूस आजारी पडतो, हे खरं. पण मासोळी नीट साफ करून, आतडं काढून, पूर्ण शिजवली की त्यांचा बहुतांश बंदोबस्त होतो. कोलकात्याच्या पूर्वेला जे मोठं पाणथळ क्षेत्र आहे, सुमारे १२,५०० हेक्टरचं, २००२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असलेलं, तिथं अख्ख्या शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांमध्ये उन्हात ठेवतात, ते निवळत जातं आणि त्यावर मासे वाढवतात. पिढ्यानपिढ्या कोलकाता ते मासे खातो. 'गटाराच्या पाण्यातली मासोळी' एवढ्या शब्दांवर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की रोहू-कतल्याची चव घेत जे बंगाली जेवण आपण कौतुकानं जेवतो त्यात या तळ्यांचा वाटा आहे. मात्र त्याच कोलकात्यात चिंता कोणत्या गोष्टीची आहे? चामड्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या क्रोमियमची. शहराच्या मैल्याला ती तळी पचवतात. कारखान्याच्या धातूला पचवायची युक्ती निसर्गाकडं नाही.

विष मात्र दिसत नाही. पारा तळाच्या गाळात जातो, तिथले प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, ते शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान मासोळीत आणि लहान मासोळीतून तिला गिळणाऱ्या मोठ्या मासोळीत चढत जातं. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढतं. म्हणून शाकाहारी रोहू आणि शिकारी मरळ एकाच तलावातल्या असल्या तरी एकसारख्या नसतात. इथं एक विचित्र उलटापालट होते. आजारातून उठलेल्याला मरळ द्यावी, ताकद येते, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात आणि मरळीला भावही रोहूपेक्षा चांगला मिळतो. जी मासोळी आपण सगळ्यांत मोलाची म्हणून अशक्त माणसाला देतो तीच दूषित पाण्यात सगळ्यांत जास्त भरलेली असण्याची शक्यता. शिवाय मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. तो धुतल्यानं जात नाही, कातडं सोलल्यानं जात नाही, तळल्यानं जात नाही. सावजी रस्सा कितीही जहाल असला तरी पाऱ्यावर त्याची मात्रा चालत नाही.

आता बंदी मागणाऱ्यांची सगळ्यांत बळकट बाजू मान्य करतो, कारण ती मान्य केल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही. नागपूरच्या पाण्यात निव्वळ घरगुती घाण येते असं म्हणता येत नाही. १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या अंबाझरीत आज वाडीकडचं सांडपाणी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीकडून येणारं पाणी उतरतं. तिथून नाग नदी शहराच्या पोटातून वाहते, वाटेत नाले घेते, पिवळी नदीला भेटते आणि कन्हानमध्ये जाते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि ते सगळं पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साचतं. म्हणजे आपण धंतोलीत, महालात, पारडीत जे सोडतो ते भंडारा जिल्ह्यातल्या ढिवरांच्या जाळ्यापर्यंत पोचतं. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत. कोळशात पारा असतो, आर्सेनिक असतं आणि कोळसा जळाला की ते धुरात आणि राखेत जातं. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखबंधाऱ्याला भगदाड पडलं तेव्हा राखेचा चिखल शेतांतून, नाल्यांतून कसा वाहिला ते आपण पाहिलं आहे. गणपतीच्या रंगातलं शिसं वर्षानुवर्षं तलावांत गेलं, कृत्रिम हौद आले ते अलीकडं. तेव्हा 'आपल्या पाण्यात काही नाही' असं छातीठोक सांगणाऱ्याला मी गप्प बसा म्हणेन.

'आमचे आजोबा खात होते' हा दुसऱ्या तटाचा हुकमी एक्का. त्यातही थोडं तथ्य आहे, म्हणून तो टाकून देऊ नये. पिढ्यांचा अनुभव हाही एक प्रकारचा प्रयोगच असतो. पण प्रयोगाची भांडी बदलली की निष्कर्ष जुना राहत नाही. आजोबांचा जुम्मा तलाव आणि आजचा गांधीसागर यांचं नाव तेवढं बदललं असं नाही. १८७७ साली त्याच तलावाच्या शेजारी एम्प्रेस मिल उभी राहिली आणि नंतरच्या शतकात शहर त्या तलावाभोवती आवळत गेलं. शिवाय 'आम्हाला काय झालं' या प्रश्नात एक फसवणूक दडलेली आहे: ज्यांना झालं ते उत्तर द्यायला समोर नसतात, किंवा झालेलं कशामुळं झालं हे त्यांना कधी कळत नाही. मुलाला शाळेत अक्षरं उशिरा लागली, हात किंचित थरथरतो, यावर कोणता डॉक्टर 'मासोळी' लिहून देतो?

जपानच्या मिनामाता गावाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. तीही एका बंदराच्या, खाडीच्या पाण्याची गोष्ट आहे. चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून पारा असलेलं सांडपाणी तिथल्या खाडीत सोडत होता. आधी मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली. कोळ्यांच्या घरातली उष्टी मासोळी खाणारी मांजरं होती ती. मग मुलांचे हातपाय वाकडे झाले. मे १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं घडलं ते पुढच्या वर्षी. कुमामोतो प्रांताच्या प्रशासनानं अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली त्या खाडीतल्या माशांवर बंदी घालू का असं केंद्राला विचारलं. आरोग्य मंत्रालयाचं १९५७ चं उत्तर असं, की खाडीतले सगळेच मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, तेव्हा कायदा लावता येणार नाही. सगळेच! प्रश्नच असा घडवला की उत्तर कधी 'हो' येऊच नये. कारखान्यानं ती प्रक्रिया थांबवली १९६८ मध्ये. मधल्या ११ वर्षांत लोक काय खात होते? जे मिळत होतं तेच, मासे. 'सगळीच मासोळी वाईट आहे का, दाखवा पुरावा' असं आपल्या ग्रुपवर कोणी लिहिलं की मला ते पत्र आठवतं.

आता मात्रेकडं येतो, कारण माझ्या मते या वादाचं मर्म तिथं आहे आणि तिथंच कोणी बोलत नाही. फुटाळ्यावर पहाटे जाळं ओढणाऱ्या एका काकांशी माझी तोंडओळख आहे. ग्रुपवरच्या भांडणानंतर मी त्यांना सरळ विचारलं, "काका, ही मासोळी तुम्ही घरी खाता?" ते हसले. "मंग कोण खाईन? विकली जाते ते विकतो, उरते ते घरी जाते. अन् आजकाल उरतेच जास्त. तलावाची म्हटलं का गिऱ्हाईक पुढं जाते." या उत्तरानं माझा सगळा हिशेब बदलला. अफवेमुळं मासोळी बाजारातून उठते तेव्हा ती नाहीशी होत नाही, ती ढिवराच्या चुलीवर जाते.

हा हिशेब आकड्यांत मांडून बघू. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमला पाव मायक्रोग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं, गर्भातल्या बाळाचा मेंदू डोळ्यांपुढं ठेवून, आठवड्याची सुसह्य मात्रा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलो वजनाच्या बाईला ती पडते ९६ मायक्रोग्रॅम. समजा एखादी मासोळी नियमाच्या अगदी काठावर पास झाली. रविवारी २०० ग्रॅम खाणारी आमच्या कॉलनीतली बाई ५० मायक्रोग्रॅम घेते. तिची चिंता करण्याचं कारण नाही. तीच पास झालेली मासोळी रोज २०० ग्रॅम खाणारी ढिवराची सून आठवड्याला ३५० मायक्रोग्रॅम घेते, सुसह्य मात्रेच्या साडेतीन पटींहून जास्त. १५ किलोच्या पोराचा वाटा तर ९६ ग्रॅममध्ये संपतो, आठवड्याचा. आणि शरीरात शिरलेला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून रोज खाणाऱ्याच्या अंगात तो साठतच जातो. नागपूरच्या मासोळीत एवढा पारा आहे असं मी म्हणत नाही. 'पास' हा शब्द कोणासाठी आहे, एवढंच दाखवतो आहे. ग्रुपवर जीव तोडून भांडणाऱ्या आम्हा सगळ्यांना महिन्यातून दोनदा मासोळी लागते. ज्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे त्यांना त्या ग्रुपमध्ये कोणी घेतलेलंच नाही.

मग बंदीच घाला, असं आता कोणी म्हणेल. बंदीला माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्या पाण्यात तपासणीनं विष सापडेल तिथं ती घालावीच. पण बंदी कशी घालतात तेही बघावं. सिडनीच्या बंदरात होमबुश खाडीकाठी तणनाशकं, कीटकनाशकं बनवणारे कारखाने होते, त्यांचं डायॉक्सिन नावाचं विष गाळात मुरलं होतं. माशांची तपासणी झाली आणि २००६ मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली. मच्छीमारांचे परवाने सरकारनं पैसे देऊन परत घेतले. हौसेनं गळ टाकणाऱ्यांना मात्र साधा नियम सांगितला: बंदरावरच्या प्रसिद्ध पुलाच्या पश्चिमेला पकडलेलं काहीच खाऊ नका, पूर्वेला पकडलेलं सर्वसाधारणपणे महिन्याला १५० ग्रॅमपर्यंत, काही जातींना त्याहून जास्त सूट. एकच बंदर, मध्ये एक पूल, आणि दोन उत्तरं. कोणीही तपासणीशिवाय अख्ख्या बंदराला विषारी ठरवलं नाही की निर्मळही. आणि ज्याचा धंदा गेला त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. आपल्याकडं बंदी म्हटली की डोळ्यांपुढं काय येतं? जाळी जप्त करणारा शिपाई. कारखान्याच्या नाल्याला बूच नाही, महापालिकेच्या गटाराला जाळी नाही, आणि दंड कोणाला, तर ढिवराला.

मुंबईच्या बंदराचंही तेच आहे, ज्यावरून आमच्याकडं तो टोमणा आला. बर्फात घालून नागपूरला येणारी सुरमई, पापलेट हे खुल्या समुद्रातले मासे. बंदराच्या आत, ठाणे खाडीच्या चिखलात मिळतात त्या निवट्या, खेकडे, कालवं, शिंपल्या. शिंपलीवर्गीय जीव दिवसभर पाणी गाळत बसतात, म्हणून पाण्यात जे आहे ते त्यांच्यात उतरतं. 'मुंबईची मासळी' नावाची एकच वस्तू नसते, जशी 'नागपूरची मासोळी' नावाची नसते. पेंचच्या नवेगाव खैरीच्या जलाशयातली रोहू आणि नाग नदीच्या तोंडाशी पकडलेली वाम एकाच टोपलीत ठेवली तर दिसायला फार अंतर नाही, खाण्यात असू शकतं.

आणि तलावाची नाकारून आपण घेतो काय? मंगळवारी बाजारात विचारलं तर विकणारी बाई अभिमानानं सांगते, "आंध्राची आहे, भाऊ, घ्या बिनघोर." आंध्राची म्हणजे शेततळ्यात खाद्य घालून वाढवलेली, बर्फाच्या खोक्यांत ट्रकनं आलेली. ती वाईट असते असं मी म्हणणार नाही, माझ्याही घरी येते. पण 'बिनघोर' कशावरून? २०१८ च्या उन्हाळ्यात केरळात परराज्यांतून आलेल्या माशांत फॉर्मालिन सापडलं, त्यानंतर गोव्यानं बाहेरच्या मासळीची आवक काही दिवस थांबवली, हे विसरून चालेल का? थाई मांगूर म्हणून जी काळी मिशाळ मासोळी विकली जाते तिच्या पैदाशीवर केंद्रानं २००० सालीच बंदी घातली, तरी ती टोपल्यांत दिसतच असते. तलावाचं पाणी आपल्याला दिसतं म्हणून तलावाच्या मासोळीची भीती वाटते. आंध्रातल्या भीमावरमचं तळं दिसत नाही म्हणून विश्वास वाटतो. भीतीचा हा हिशेब नजरेनं ठरतो.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत टोकदार आक्षेप. तो मला एका मच्छीमार सोसायटीच्या सचिवांनी घेतला आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. ते म्हणाले, "तुम्ही पाटी लावान, अन् पाटीवर एका तलावाचं नाव वाईट आलं का दहा तलावांची मासोळी विकणार नाही. आमची पोरं काय खातीन?" हे बरोबर आहे आणि याला पुरावाही आपल्याच राज्यातला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. कोंबड्या मारल्या गेल्या त्या नवापूरच्या परिसरात. भाव कोसळले अख्ख्या राज्यात. विदर्भात रोगाचं नावनिशाण नव्हतं तरी इथल्या पोल्ट्रीवाल्यांनी मार खाल्ला. पण नवापूरचं दुसरं अंगही आठवा. तिथं सरकारनं हद्द आखली, तपासणी जाहीर केली, मारलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली, आणि काही महिन्यांत लोक पुन्हा चिकन खाऊ लागले. भीती उतरली, कारण कुठं धोका आहे आणि कुठं नाही हे सांगणारं कोणीतरी होतं. तलावांच्या बाबतीत आज काय आहे? पाटी नाही, तरी गिऱ्हाईक पुढं जातंच आहे. वाईट तलावाची पाटी नसल्यामुळं चांगल्या तलावाचा ढिवरही आजच मार खातो आहे. फरक इतकाच की आज त्याला भरपाई मागायला आधार नाही. तपासणीचा कागद असेल तर ज्या तलावाची मासोळी नापास झाली तिथला ढिवर सरकारकडं बोट दाखवू शकेल: मी विष टाकलं नाही, टाकणाऱ्याकडून घेऊन मला द्या.

पाटीनं सगळं सुटेल असंही मी समजत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीत कारखान्यांतून पीसीबी नावाची रसायनं मुरली म्हणून १९७६ पासून निर्बंध आले, काठावर सूचना लागल्या, आणि तरीही गरीब माणूस तिथं गळ टाकून पकडलेलं घरी नेतच राहिला. भुकेला पाटी वाचता येते, पाळता येत नाही. म्हणून पाटीबरोबर दुसरी मासोळी द्यावी लागेल: दूषित तलावाचा ठेका घेतलेल्या सोसायटीला स्वच्छ जलाशयात मत्स्यबीज सोडायचा हक्क, निदान गरोदर बायका आणि लहान मुलं असलेल्या घरांना पर्याय. खर्च होईल. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्प मंजूर झाला आहे. त्या रकमेत मासोळी तपासायचा खर्च किती, हे कोणीही अंदाजानं सांगू शकेल. शिवाय नदी खरंच सुधारली का, हे मोजायचं सगळ्यांत प्रामाणिक माप मासोळीच आहे. पाण्याचा नमुना बाटली बुडवली त्या क्षणाचं सांगतो, मासोळी वर्षभराचं सांगते. पाहणीला साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी नाला बंद ठेवता येतो. मासोळीच्या मांसातला पारा आदल्या दिवशी काढून टाकता येत नाही.

आणि हे काम करायचं कोणी? वर्धा रोडवर नीरी आहे, १९५८ पासून. पर्यावरण अभियांत्रिकीची देशातली प्रमुख संस्था. राज्याच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात, तेही फुटाळा तलावाच्या रस्त्यावर. मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला, आणि तेलंगखेडीचा तलाव म्हणजेच फुटाळा. मिनामाताला शहाणपण यायला पन्नाशीच्या दशकातल्या डॉक्टरांना मांजरांवर प्रयोग करावे लागले. आपल्याकडं माशांचं शास्त्र शिकवणारे वर्ग तलावाच्या काठावर भरतात. या काठावर मी इतकी वर्षं येतो आहे. कारंज्याच्या वेळा, खाऊच्या गाड्या, 'पोहण्यास मनाई' हे सगळं वाचलं आहे. कोणती मासोळी किती खावी, हे सांगणारी पाटी मला दिसलेली नाही. ही शहराची गरिबी नव्हे, कंटाळा आहे.

तोवर मी काय करतो, हे विचारणाऱ्यांना सांगतो, कारण लेख लिहून स्वतः गुपचूप पापलेट खाणाऱ्यांतला मी नाही. फुटाळ्याच्या काकांकडून कधीमधी लहान रोहू घेतो, आतडं आणि डोकं टाकून देतो, शहरी पाण्यातली मोठी मरळ, वाम घेत नाही. पुतणी गरोदर आहे, तिच्यासाठी तलावाची कोणतीच घेत नाही. हा नियम मी अंदाजानं केला आहे आणि अंदाजावर घर चालवावं लागतं याचा मला राग आहे.

हे सगळं लिहायला घेण्याआधी काकांना पुन्हा भेटलो. तपासणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते जाळ्यातली शेवाळं काढत ऐकत होते. मला वाटलं होतं, सचिवांसारखे तेही चिडतील. त्यांनी विचारलं, "त्या मशीनले किती मासोळी लागते?"

"फार नाही. दोन बोटांएवढा तुकडा पुरतो."

त्यांनी टोपलीतली एक मरळ शेपटीला धरून उचलली, माझ्यापुढं केली. "मंग न्या ना," म्हणाले. "कोणी मागतच नाही."